‘लाकडाचा काढा’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया चांगली लांबलचक आणि खरपूस आहे, त्यामुळे खाली दोन ओळींत आभार मानून सुटका नाही. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. स्पेनमधल्या रिओहा भागातली जुन्या पद्धतीची रेड वाइन म्हणजे ‘नारळ आणि व्हॅनिला घातलेला लाकडाचा काढा’. रंग उडालेला, द्राक्षाची चव मारून टाकलेली. लेबलावरचा ‘ग्रान रिसेर्वा’ हा दर्जा म्हणजे नुसतं वय विकणं. आणि तुम्ही हौसेने आणलेली बाटली घरच्या तांबड्या रश्शाबरोबर पार पाणचट लागली.

नारळाचा वास तुम्हाला आला, तो खराच होता. ही वाइन अमेरिकन ओक झाडाच्या लाकडाच्या पिंपांत मुरवतात; त्या लाकडात लॅक्टोन नावाची द्रव्यं फ्रेंच ओकपेक्षा बरीच जास्त असतात, त्यांचाच तो वास. स्पेनमधल्या या भागात हे लाकूड रुजलं त्याला कारण मुख्यतः व्यवहाराचं होतं. अटलांटिकपलीकडून ते स्वस्तात यायचं. शिवाय फ्रेंच ओक धाग्याच्या रेषेनेच फोडावा लागतो, नाहीतर पिंप झिरपतं. अमेरिकन ओक सरळ करवतीने कापता येतो, त्यामुळे एका ओंडक्यातून फळ्या जास्त पडतात.

पण काढा म्हणायला माझी हरकत आहे, कारण पिंप नवं की जुनं हे तुम्ही बघितलंच नाहीत. नवीन माठातल्या पाण्याला पहिले काही दिवस मातीची चव असते. नंतर माठ फक्त पाणी गार करतो. पिंपाचं तसंच आहे. आरो गावातल्या लोपेस दे एरेदिया या १८७७ च्या वाइनरीत ‘विन्या तोंदोनिया’ या वाइनची रिसेर्वा (मुरवलेल्या वाइनचा एक दर्जा) सुमारे सहा वर्षं पिंपात असते, पण ती पिंपं वर्षानुवर्षं वापरलेली, त्यांच्याच सुतारशाळेत दुरुस्त होणारी. त्या लाकडात द्यायला चव फारशी उरलेलीच नसते. ते करतं काय, तर फळ्यांच्या सांध्यांतून आणि छिद्रांतून अगदी थोडी हवा आत येऊ देतं. सहा वर्षं लाकूड चाखवण्यासाठी कोणी ठेवत नाही. तुरटपणा हळूहळू मऊ व्हावा म्हणून ठेवतात.

दर सहा महिन्यांनी काय होतं तेही सांगते, कारण मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत आवडतं काम तेच आहे. पिंपाच्या खालच्या अंगाला तोटी बसवून वाइन दुसऱ्या पिंपात सोडतात. कामगार मध्येमध्ये ग्लासात थोडी घेतो आणि मेणबत्तीच्या ज्योतीसमोर धरतो. ज्योत स्वच्छ दिसते तोवर चालू. जरा गढूळ दिसली की तोटी बंद. उरलेला गाळ वेगळा. ला रिओहा आल्तासारख्या मोठ्या वाइनरीत आजही हे हातानेच चालतं. पुढे वाइन स्वच्छ करायला मुगा या वाइनरीसारखे लोक ताज्या अंड्यांचा पांढरा भाग वापरतात. तो जादा तुरट द्रव्यं धरून तळाशी बसतो. लाकडाने खोट झाकायची असती तर एवढा खटाटोप कोणी केला नसता.

आता रंग. कोवळ्या वाइनचा जांभळट लाल रंग ज्या द्रव्यांचा असतो ती वयाबरोबर तुरट द्रव्यांशी जोडली जातात, काही तळाशी बसतात, आणि कडेला विटकरी छटा येते. स्पॅनिश लोक तिला कौलाचा रंग म्हणतात. तुम्ही हा दोष धरलात; मी ग्लास वाकडा करून आधी तीच कडा बघते. मात्र हवेने खरंच बिघडलेली वाइन वेगळी. तिला डागाळलेल्या सफरचंदाचा वास येतो आणि चव आडवी पडते. चांगल्या तोंदोनियात वाळलेली चेरी, संत्र्याची साल, चामडं, तंबाखू असं सगळं येतं, पण खाली आंबटपणा ताठ उभा असतो. आरोच्या आसपासची चुनखडीची जमीन, उंची आणि अटलांटिककडून येणारा गारवा यांची ती देणगी, आणि टेम्प्रानियो या मुख्य द्राक्षात गार्नाचा, ग्रासियानो, मासुएलो ही इतर द्राक्षं मिसळण्याचीही.

वय विकण्याबद्दल मात्र तुमच्याशी बरीच सहमत आहे. नियम काय सांगतो? रिसेर्वाला एकूण तीन वर्षं, त्यातलं किमान एक पिंपात. ग्रान रिसेर्वाला पाच, त्यातली किमान दोन पिंपात. द्राक्ष कुठल्या मळ्यातलं, वेल किती जुनी, यावर त्या शब्दांत काहीच नाही. म्हणून सुमार द्राक्षाला भडक नव्या ओकमध्ये घालून ‘रिसेर्वा’चा शिक्का मारलेल्या बाटल्याही बाजारात भरपूर आहेत, आणि त्यांना तुम्ही काढा म्हटलंत तर मी गप्प बसेन. याच कुरबुरीतून आर्तादी ही नामांकित वाइनरी २०१५ च्या अखेरीस बाटलीवर ‘रिओहा’ हे अधिकृत नाव लावणं सोडून बाहेर पडली, आणि २०१७ मध्ये नियामक मंडळाला एकेका मळ्याच्या नावासाठी वेगळा वर्ग काढावा लागला.

पण आधुनिक तेच खरं रिओहा, हे तुमचं वाक्य मला पटत नाही. ही ‘परंपरा’ही बाहेरूनच आली आहे: लुसियानो मुरिएता या वाइन बनवणाऱ्याने १८५२ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोची रीत इथे आणली, आणि पुढे फिलोक्सेरा या वेलींची मुळं खाणाऱ्या किडीने फ्रान्सचे मळे खाल्ले तेव्हा तिथले व्यापारी आरोच्या रेल्वे स्टेशनाभोवती येऊन ठेपले. मार्केस दे कासेरेस या वाइनरीने १९७० पासून नवा फ्रेंच ओक आणि कमी मुरवण आणली, तेही बोर्दोकडेच बघून. दोन्ही उसनवारीच. मला त्यातली पहिली जास्त आवडते, एवढंच.

राहिली तुमची बाटली. तुम्हीच लिहिलंय की ती दोन उन्हाळे स्वयंपाकघरातल्या कपाटात उभी होती आणि उघडताना बूच जरा वर आलेलं दिसलं. तिथेच निकाल लागला. उष्णतेने वाइन फुगते, बुचाला वर ढकलते. त्या बाटलीवरून रिओहाचा न्याय करू नका. त्यात समोर तांबडा रस्सा! मिरचीपुढे तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही जळजळीत होतात, आणि मुरलेल्या वाइनचे बारीक वास तर ऐकूच येत नाहीत. रिओहात ही वाइन द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काटक्यांवर भाजलेल्या कोवळ्या मेंढीच्या बरगड्यांबरोबर पितात, वर फक्त मीठ. आपल्याकडे सुक्या मटणात तिखट निम्म्याने कमी केलंत तरी चालेल. पांढरा रस्सा मी अजून लावून पाहिलेला नाही. तुम्ही कोल्हापूरकडचे असाल तर तो मान तुमचा.

दुसरी बाटली घ्यायची तयारी असेल तर दुकानात आधी विचारा, एसी रात्री चालू असतो का. ग्रान रिसेर्वाच्या भानगडीत पडू नका, आयातशुल्क धरून तिची किंमत ऐकूनच तोंड कडू होईल. ‘विन्या आर्दान्सा’सारखी रिसेर्वा पुरे. मे महिन्यातल्या खोलीत ती तशीच ओतू नका, दीड-दोन तास फ्रीजमध्ये ठेवून सोळा-सतरा अंशांवर आणा. गाळ असेल तर बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा आणि शेवटचा घोट बाटलीतच राहू द्या. अर्धी उरवून, बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. बिघडलेली असेल तर रातोरात आणखी आडवी पडेल; धडधाकट असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दिवसापेक्षा जास्त बोलकी होते. काय निघालं ते इथेच कळवा, शिव्या असल्या तरी चालतील.