‘९एच काच, तरी तीन आठवड्यांत चरे’ या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार. आपण एक तारा देऊन तीन तक्रारी लिहिल्या आहेत. पाकिटावर ‘९एच’ छापलेल्या २५० रुपयांच्या टेम्पर्डवर, म्हणजे मोबाइलच्या स्क्रीनवर चिकटवायच्या संरक्षक काचेवर, तीन आठवड्यांत चरे पडले. ती काढल्यावर खालच्या मूळ स्क्रीनवरही चरा दिसला. आणि बदलून मागितल्यावर आम्ही नकार दिला. ‘दुकानात चावी घासून दाखवली तेव्हा काहीच झालं नाही, मग हे चरे कुठून आले?’ असंही आपण विचारलंय. प्रश्न रास्त आहे.

आधी ९एच. हा आकडा पेन्सिलीच्या कठीणपणाचा आहे: एचचा आकडा जितका मोठा, तितकी पेन्सिल कठीण. ठरावीक वजनाखाली पेन्सिल ४५ अंशांत धरून पृष्ठभागावरून ओढायची आणि कितव्या एचपर्यंत ओरखडा उठत नाही ते बघायचं, अशी ती चाचणी. मुळात ती रंग आणि लेपांसाठी. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट आणि माती, त्यामुळे खिडकीची साधी काचही या परीक्षेत पास होते. खनिजांचा कठीणपणा मोजायची मोह्स श्रेणी वेगळी. तिथे ९ वर नीलम बसतो. टेम्पर्ड काच त्याच श्रेणीत साडेपाच-सहाच्या आसपास असते. पाकीट छापणाऱ्यांना हा घोळ सोयीचा आहे, ते काही तो निस्तरणार नाहीत.

पितळी चावी याच श्रेणीत तीनच्या आसपास येते. ती काचेपेक्षा मऊ, म्हणून चावी घासून दाखवली तेव्हा काही झालं नाही. त्यात हातचलाखी नव्हती. पण चावीने चरा पडला नाही म्हणजे कशानेच पडणार नाही, असंही नाही.

आता आपल्याच अभिप्रायातली एक ओळ: ‘रोज कणकवली ते कासार्डे दुचाकीने जातो, फोन हँडलच्या होल्डरला असतो.’ कासार्ड्याची वाळू सिलिकाची, म्हणजे क्वार्ट्झ, कठीणपणा ७. डंपरमागे उडणारी ती धूळ स्क्रीनवर बसते, आणि गाडी थांबवून आपण शर्टाच्या टोकाने स्क्रीन पुसली की तो पॉलिशपेपर झाला. नुसत्या बसलेल्या कणाने चरा पडत नाही, तो दाबून फिरवला की पडतो. खिशातही चावीपेक्षा चावीला चिकटलेली रेती जास्त नडते.

‘गोरिला ग्लासला असं होत नाही’, असं अनेक फोनच्या मूळ स्क्रीनच्या या मजबूत काचेबद्दल म्हणतात, तेही खरं नाही. फोनची काच सुमारे ४०० अंशांच्या पोटॅशियम नायट्रेटच्या रसात बुडवतात. काचेतले सोडियमचे आयन बाहेर येतात, त्यांच्या जागी आकाराने मोठे पोटॅशियमचे आयन घुसतात आणि पृष्ठभाग आतून दाबाखाली येतो. त्यामुळे तडा सहज जात नाही. पण क्वार्ट्झपुढे तीही मऊच. पडून न फुटणं आणि चरा न पडणं हे दोन वेगळे गुण आहेत. जाहिरातीत ते एकत्र कालवतात.

दुसरी तक्रार मूळ स्क्रीनवरच्या चऱ्याची. टेम्पर्डखालचा सिलिकॉनचा चिकट थर बारीक चऱ्यांत भरतो, आणि त्यातून प्रकाश जवळपास काचेसारखाच जात असल्याने चरा दिसेनासा होतो. काच काढली की जुना चरा पुन्हा वर येतो. काच बसवण्याआधी आम्ही स्क्रीन बंद करून ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघतो. आपल्या बिलावर ‘सेल्फी कॅमेऱ्याजवळ दोन बारीक चरे’ अशी नोंद आहे. काढलेली टेम्पर्ड आपल्याकडे असेल तर त्याच जागी नखाने तपासा. वरच्या काचेत आरपार तडा नसेल, तर खाली नवा चरा पोचायला वाटच नाही.

बदलून देण्याबद्दल: कड उचलली, बुडबुडा राहिला किंवा टच अडकू लागला तर सात दिवसांत विनामूल्य बदलतो, कारण तो मालाचा किंवा बसवण्याचा दोष. चरे हा वापर आहे. मूळ स्क्रीनऐवजी स्वतः चरे घ्यायचे, हेच त्या काचेचं काम.

पुढची काच लावण्याआधी जुनी खरंच टाकायची झालीय का, ते बघा. काही करड्या रेघा चरे नसतातच. चावीचा किंवा नाण्याचा धातू काचेवर उतरलेला असतो. खोडरबरने घासा, निघाली तर काच शाबूत. नख अडकत नसेल तर चालवून घ्या. नख अडकलं, विशेषतः कडेजवळ, तर बदला, कारण फोन पडला की तडा तिथूनच सुरू होतो. पाण्याचा थेंब गोळा न होता पसरत असेल तर फक्त वरचा तेलरोधक लेप गेलाय. बोटांचे ठसे जास्त उमटतील, एवढंच.

पुसताना आधी फुंकर मारा किंवा फोन उलटा धरून झटका, मग किंचित ओलसर मायक्रोफायबरने न दाबता एकाच दिशेने पुसा. फोन वॉटरप्रूफ नसेल तर कापड पिळून घ्या. टूथपेस्ट लावून चरे जातात हा सल्ला कृपया विसरा: चरा तसाच राहतो, लेप मात्र जातो.

होल्डरसाठी पारदर्शक झाकणाची पाउच घ्या. तिचं प्लास्टिक लवकर चरेल, पण सगळ्यांत स्वस्तात बदलता येणारी वस्तूही तीच. जुनी टेम्पर्ड आणि बिल घेऊन आलात तर टेम्पर्डवरचे आणि मूळ स्क्रीनवरचे चरे भिंगाखाली आपल्यासमोर बघू. वरच्या काचेत आरपार तडा नसतानाही खालचा चरा बिलातल्या नोंदीबाहेरचा निघाला, तर नवी काच आमच्याकडून.