माहे सहा दिवस कुठी गेले?

कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात पगारपत्रक करणारा माणूस अर्धा ज्योतिषी असतो. पगार 31 ला वाटायचा म्हणून मस्टर 25 लाच बंद होतं आणि उरलेल्या सहा दिवसांची हजेरी अंदाजानं भरली जाते. सगळे हजर! मग 27 ला एक जण मेहुण्याच्या लग्नाला जातो, 28 ला दुसरा काम सोडतो, 29 च्या रात्री कापसाच्या गाड्या उशिरा लागतात आणि चौघांचा ओव्हरटाइम होतो. ज्याचं कापायचं त्याला देऊन बसलो, ज्याला द्यायचं त्याचं राहिलं. ही उस्तवार पुढच्या महिन्याच्या पगारपत्रकात.

इलाज सोपा आहे. महिना पुरा होऊ द्यायचा, मस्टर ताडून पाहायचं, मग पगार काढायचा. कायद्याची ना नाही. 2019 च्या वेतन संहितेप्रमाणे मासिक पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत मिळाला म्हणजे झालं. अडतं ते गावात. इथला सालगडी पाडव्याला उचल घेऊन मगच कामाला लागतो. अशा मुलखात ‘आधी महिना भरा, मग पैसे’ म्हणणारा मालक बुडायला आलेलाच समजला जातो.

एकदम उडी मारू नये. 31 डिसेंबरनंतरचा पगार थेट 7 फेब्रुवारीला दिला तर मध्ये 38 दिवस जातात, आणि किराणावाल्याची माया तिसाव्या दिवशी आटते. त्यापेक्षा दोन-दोन दिवस सरकावं: जानेवारीचा पगार 2 फेब्रुवारीला, फेब्रुवारीचा 4 मार्चला, मार्चचा 6 एप्रिलला. कोणतंही अंतर 33 दिवसांवर जात नाही. फेब्रुवारी आखूड असल्यानं मधला टप्पा तर कोणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय हंगाम चालू असतो, ओव्हरटाइमचा टेका मिळतो. हाच उद्योग जूनमध्ये, पेरणी आणि शाळेच्या वह्या एकत्र आल्यावर करणाऱ्याला माझा दुरूनच नमस्कार.

उचल देऊन खड्डा बुजवायची सूचना हमखास येते. माझं मत विरुद्ध. पहिली उचल फिटायच्या आत दुसरी मागायला माणूस दारात उभा असतो, आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर नेता येत नाहीत.

पगाराची तारीख बदलत असल्याची नोटीस किमान 21 दिवस आधी लावायची, मराठीत, आणि वाचूनही दाखवायची. त्याच दिवशी विचारायचं, गाडीचा हप्ता कोणाचा कितीला कटतो? 5 तारखेचा हप्ता आणि 6 तारखेचा पगार यांची गाठ पडली की बाउन्सचा दंड बसतो आणि शिव्या मुनीमजीला. हप्त्याची तारीख 10 करायचे अर्ज डिसेंबरातच भरून घ्यावेत. पीएफचं चलान मात्र 15 लाच भरायचं असतं; हाताशी नऊच दिवस उरतात.

हे सगळं पार पडलं की खरी परीक्षा खिडकीत उभी राहते.

“मुनीमजी, सारं समजलं. पण माहे सहा दिवस कुठी गेले?”

“एप्रिलच्या हिशेबात हायेत ना भाऊ.”

“मंग आज काहून नाई देत?”

इथं कागदच कामी येतो. पगाराच्या चिठ्ठीवर ‘1 ते 31 मार्च’ असा काळ छापावा आणि खाली एक ओळ: 1 एप्रिलपासूनचे दिवस पुढच्या पगारात, काम सोडल्यास दोन कामाच्या दिवसांत चुकते. तरी पटत नाही. पहिला गडी काम सोडतो, त्या दिवसांचे पैसे मोजून घेतो आणि पानठेल्यावर सांगतो, “जाता जाता सहा दिवसांचे जास्तीचे काढले बुवा!” मग खिडकीवरची गर्दी ओसरते आणि सोडून जाणाऱ्यांची चौकशी वाढते.