रायफल जपानी आहे म्हणून सैनिक जपानी होत नाही: कोटणीसांच्या फोटोवरच्या मेसेजला उत्तर

सोलापूरच्या जवळपास सगळ्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरालाय, खाली जुना काळापांढरा फोटो आणि फोटोत रायफलींवर लाल गोल केलेले. मेसेज थोडक्यात असा की आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये एट्थ रूट आर्मीसोबत (जपानशी लढणारी चिनी कम्युनिस्टांची फौज) होते म्हणून जो फोटो दाखवतेत तो खोटा आहे, कारण रायफली जपानी आहेत, उरलेल्या पहिल्या महायुद्धाच्याही आधीच्या आहेत, मशीनगन ब्रिटिशांची ब्रेन आहे, टोप्यांवर चीनचा तेव्हाचा सत्ताधारी नेता चँग कै-शेक याच्या पक्षाचा सूर्य आहे आणि बोल्ट (गोळी भरायला मागंपुढं सरकवायचा लोखंडी भाग) डाव्या बाजूला आहेत म्हणजे एडिटिंग. आणि शेवटी, डॉक्टर जपान्यांच्याच छावणीत होते पण आपल्यापासून लपवलं! भैय्या चौकातलं स्मारक बघत मोठी झालेली पोरं हे वाचून फॉरवर्ड करालेत, म्हणून एकदा नीट लिहितो.

पहिला मुद्दा सगळ्यात मोठा आहे. रायफल ओळखली ती बरोबर ओळखली हे मान्य. बोल्टच्या मागं गोल खरखरीत बटणासारखा सेफ्टी नॉब, बोल्टवर सरकणारं पत्र्याचं झाकण, दस्त्यात दोन लाकडं जोडल्याची रेघ, आणि लांबी एवढी की जमिनीवर टेकवली तर नळी जवळपास काखेपर्यंत येते, ही जपानची टाइप ३८ अरिसाका, ६.५ मिमीची, लांबी साधारण १२८ सेंटिमीटर. पण म्हणून हातात धरणारा जपानी कसा काय झाला? एट्थ रूट आर्मी ही शत्रूच्या मागं राहून लढणारी गनिमी फौज, त्यांना रायफली पाहिजे तेवढ्या कधीच मिळाल्या नाहीत, जपानी ठाण्यांवर छापा मारायचा आणि रायफल, गोळ्या, बूट, सापडेल ते उचलून आणायचं हीच त्यांची पद्धत. बरं, युद्धाच्या आधी जपाननंच चिनी लष्करशहांना रायफली विकल्या होत्या, त्याही चीनभर पसरलेल्या. आपल्याकडचंच बघा ना, आझाद हिंद सेनेच्या फोटोत ब्रिटिश ली-एनफिल्ड दिसतेत, कारण १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं तेव्हा इंग्रजांची हत्यारं ढिगानं हाती लागली, तर तेवढ्यावरून नेताजींच्या सैनिकांना कोण इंग्रजांचे शिपाई म्हणणार आहे का? रायफल कुणी बनवली एवढंच रायफल सांगते. फोटोतला माणूस कुणाच्या बाजूचा हे टोपी, दंडावरची पट्टी, पायाला गुंडाळलेल्या पट्ट्या, काडतुसांचे कापडी पट्टे, फोटो कुठून आला, हे सगळं एकत्र बघून ठरतं.

आता ‘जुन्या रायफली’. ट्रिगरच्या पुढं पोटासारखं बाहेर आलेलं मॅगझिन दिसतंय ती हानयांग ८८. डिझाईन जर्मनीचं १८८८ चं, पण चीनमध्ये ती १८९५ पासून बनायला लागली आणि जपानशी युद्ध चालू असताना सुद्धा बनत होती. मेसेजवाल्यानं डिझाईनचं वर्ष घेतलं आणि तेच फोटोचं वर्ष धरलं, इथंच गाडी घसरली. रायफलीवरून फोटो ‘अमुक सालाच्या आधीचा नाही’ एवढंच सांगता येतं, नंतरची मर्यादा घालता येत नाही. २००८ ला मुंबईत सीएसटीवर आपल्या पोलिसांच्या हातात थ्री-नॉट-थ्री (म्हणजे ली-एनफिल्डच) होत्या, त्या घराण्याची मार्क ३ रायफल १९०७ ची. मग तो फोटो १९०७ चा म्हणायचा का? शिवाय जिला मेसेजमध्ये ‘हिटलरची रायफल’ म्हटलंय ती आखूड माउझर (मूळ जर्मन डिझाईनची रायफल) चीनमध्येच बनणारी झोंगझेंग असू शकते, साधारण १११ सेंटिमीटर, मॅगझिन लाकडाच्या आत, बोल्टचा दांडा सरळ बाहेर आलेला, हिटलरच्या सैनिकांच्या कार ९८ के रायफलीचा दांडा खाली वाकवलेला असतो. हे ओळखायला फोटो मूळ लागतो. फिरतोय तो एआयनं शार्प करून रंगवलेला आहे, त्यात एका रायफलीचं मॅगझिनच गायब झालंय, बोल्टचे दांडे वितळल्यासारखे दिसतेत आणि त्याच्यावरून लोक ठामपणे निकाल देऊन मोकळे होतेत, हे बघून खरंच वाईट वाटतं.

मशीनगनचं म्हणाल तर वर मॅगझिन लावलेली प्रत्येक गन ब्रेन नसते. ब्रेनचं मॅगझिन कमानीसारखं वाकडं असतं कारण .३०३ च्या काडतुसाला बुडाशी कड असते. फोटोत मॅगझिन सरळ आहे आणि नळीवर आडव्या खाचा आहेत, म्हणजे ही चेकोस्लोव्हाकियाची झेडबी २६, जिच्यावरून इंग्रजांनी ब्रेन बनवली. चीननं ती भरपूर विकत घेतली होती, नकलाही बनवल्या होत्या.

टोपीवरचा सूर्य तर उलट आपल्या बाजूचा पुरावा आहे. १९३७ ला कम्युनिस्ट आणि चँग कै-शेक जपानविरुद्ध एकत्र आले, तेव्हा लाल सेनेचीच एट्थ रूट आर्मी झाली आणि लाल ताऱ्याच्या जागी टोपीवर तो सूर्य आला.

बोल्ट डाव्या बाजूला, हे खरं आहे, पण फोटोतल्या सगळ्याच रायफलींचे डाव्या बाजूला आहेत. डावखुऱ्यांसाठी वेगळी बोल्ट रायफल तेव्हा कुठलंच सैन्य वाटत नव्हतं. म्हणजे निगेटिव्ह उलटी छापली गेली, बास. कोटाची बटणं बघा, ती पण उलट्या बाजूला आहेत. मोबाईलमध्ये फोटो आडवा फ्लिप करून बघा, दंडावरच्या पट्टीची चिनी अक्षरं पण सरळ होतेत.

राहिलं ‘जपान्यांच्या छावणीत’. पाच डॉक्टरांचं पथक १९३८ ला चीनला गेलं, १९३९ ला कम्युनिस्टांच्या मुख्य तळावर, येनानला पोचलं, १९४१ पासून कोटणीस बेथून हॉस्पिटलचे प्रमुख होते, आणि जपान्यांशी लढून जखमी झालेल्यांवर ऑपरेशनं करत करतच ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी ते गेले. एवढ्या माणसावर असला आरोप करायचा तर लाल गोल काढलेला स्क्रीनशॉट पुरत नाही. त्यांच्या एखाद्या फोटोत केळ्यासारख्या मॅगझिनची एके-४७ दिसली तर जरूर खोटा म्हणा, मीच आधी म्हणेन, कारण ती रशियन सैन्यात आलीच १९४९ ला. या फोटोत तसं काहीही नाही, तेव्हा ज्यांनी मेसेज पुढं पाठवला त्यांनी त्याच ग्रुपवर हेही टाका.