बसणं म्हणजे सिगरेट? काहीतरीच काय

तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. 'दिवसाला आठ तास खुर्चीत बसणं सिगरेटइतकंच घातक, सकाळी कितीही व्यायाम करा फुकट जातो, पाठ कायम 90 अंशांत ताठ ठेवा, आणि खरा उपाय एकच, उभ्याने काम करा' आणि खाली वरखाली होणाऱ्या टेबलाची लिंक, डिस्काउंटसकट! पणजीत पाटोवरच्या ऑफिसांत बहुतेक सगळ्यांच्या फोनवर येऊन गेलाय तो. घाबरलेत लोक, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी सिगरेट. 2018 मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थमध्ये नेमकी हीच तुलना तपासली होती. आठ तासांच्या वर बसणाऱ्यांना अकाली मृत्यूचा धोका साधारण 10 ते 20 टक्के जास्त, आणि सिगरेट ओढणाऱ्यांना साधारण 180 टक्के जास्त. आता ह्याला 'इतकंच' कसं म्हणायचं ते फॉरवर्डवाल्यालाच ठाऊक. शिवाय शेजारचा दिवसभर बसून राहिला म्हणून माझ्या फुफ्फुसात काही जात नाही. आणि ह्या वाक्याचा सगळ्यात जास्त फायदा कोण घेतं माहितीय? सिगरेट ओढणारे, 'तू पण बसतोसच की दिवसभर' म्हणून मोकळे होतात.

बसणं अगदी निरुपद्रवी आहे असंही नाही हां. 1953 मध्ये जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास छापला, त्यात दिवसभर स्टिअरिंगपुढे बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा डबलडेकरचे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. म्हणजे चिंता खरी आहे, अतिशयोक्ती खोटी आहे.

'व्यायाम फुकट जातो' हे तर सरळ उलटं आहे. 2016 मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून बघितली, त्यात रोज 60 ते 75 मिनिटं भरभर चालण्यासारखी हालचाल करणाऱ्यांत आठ तासांहून जास्त बसण्याचा जादा धोका जवळपास दिसेनासाच झाला. आता रोज तासभर कुणाकडे असतो, म्हापशाहून नाहीतर फोंड्याहून येणाऱ्याचा वेळ तर ट्रॅफिकमध्येच जातो, ते मान्य. पण जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 चा सल्ला आठवड्याला 150 ते 300 मिनिटांचा आहे आणि त्याहून कमी चाललात तरी काहीच न करण्यापेक्षा बरं असं तेही म्हणतात. तेव्हा संध्याकाळी मिरामारला चालणाऱ्यांनो, फॉरवर्ड वाचून घरी बसू नका!

90 अंशांचं सोडून द्या. कुठल्याही एका पोझमध्ये तासन् तास राहिलं की पाठ दुखतेच, अधूनमधून बूड हलवत राहा, झालं.

आता ते टेबल. उभं राहिल्याने बसण्यापेक्षा मिनिटाला सरासरी 0.15 कॅलरी जास्त जळतात, म्हणजे सहा तास उभं राहून पन्नासेक. अर्धा उंडो, म्हणजे आपला गोव्याचा पाव, तोसुद्धा जिरायचा नाही. आणि नुसतं उभं राहणं काय चीज आहे ते बाजारातल्या कपड्यांच्या दुकानात काम करणाऱ्या मुलींना विचारा, पायांच्या फुगलेल्या शिरा दाखवतील. कॅनडात ऑन्टारिओमधल्या सात हजारांवर कामगारांचा 12 वर्षांचा अभ्यास आहे, त्यात जास्त करून उभ्याने काम करणाऱ्यांना बसून काम करणाऱ्यांपेक्षा हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट निघाला. ऐपत असेल आणि पाठीला बरं वाटत असेल तर घ्या टेबल, पण औषध म्हणून नको.

ह्या सगळ्यात खरी कामाची गोष्ट फॉरवर्डमध्ये नाहीच आणि गोव्यात तर तीच पहिली पाहिजे होती. 2023 मध्ये छापलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) देशभरच्या पाहणीत मधुमेहात आपण पहिले आलो, 26.4 टक्के, देशाचा आकडा 11.4. आणि आपण करतो काय, एक वाजता शीत-हुमण (भात आणि माशाची आमटी) भरपेट, घरी असतो तर आडवे झालो असतो, ऑफिसात ते जमत नाही म्हणून तीन-साडेतीनपर्यंत खुर्चीत पेंगत पडायचं. नेमकी त्याच वेळी शुगर वर चढत असते. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे जेवणानंतरची दहा मिनिटं सोन्याची. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या 2023 मध्ये छापलेल्या प्रयोगात दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं चालायला लावलं तर जेवणानंतरची साखरेची उसळी दिवसभर बसण्याच्या मानाने 58 टक्क्यांनी कमी झाली आणि बीपीही खाली आलं. माणसं फक्त 11 होती, तेव्हा 58 हा आकडा दगडावरची रेघ समजू नका, पण असले आणखीही प्रयोग आहेत आणि दिशा तीच दिसते.

पाटोवर असाल तर जेवून खाली उतरा, खाडीच्या कडेने एक फेरी मारा. पावसाळ्यात छत्री उलटी होण्यापेक्षा कॉरिडॉर आणि जिना बरा. फोन आला की उठून बोला, पाण्याची बाटली छोटी ठेवा म्हणजे भरायला उठावंच लागतं.

ज्यांना खरंच उठता येत नाही, कॅश काउंटरवाले किंवा सीसीटीव्ही बघणारे, त्यांना 'उठत जा' सांगणं म्हणजे चेष्टा. त्यांच्या साहेबांनी पाळ्या बदलून पाच मिनिटं द्यायला हवीत. तोवर बसल्या जागी टाचा वरखाली करा, पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. आणि एकाच पोटरीला सूज आली, दुखायला लागलं, तर तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रक्ताची गुठळी असू शकते.