चार टँकर, एक एकर: मळीच्या पाण्यावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

डिस्टिलरीच्या सांडपाण्यावरच्या (मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या काळ्या पाण्यावरच्या) आमच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली आहे आणि राग रास्त आहे. म्हणणं थोडक्यात असं: या पाण्यापासून गॅस काढणारा बायोगॅस प्लांट हा देखावा, आत काळं पाणी जातं आणि बाहेरही काळंच येतं. निफाडकडच्या तुमच्या शेजाऱ्याने 'फुकटचं खत' म्हणून एकरभर उभ्या उसात चार टँकर सोडले, ऊस पिवळा पडून बसला, खालच्या अंगाच्या विहिरीचं पाणी चहासारखं झालं. आणि याच पाण्याला आम्ही लेखात खत म्हणतो.

आधी शेजाऱ्याच्या शेताचा हिशेब मांडू, निम्मं भांडण तिथेच मिटेल. गॅस काढून झालेल्या स्पेंट वॉशमध्ये (म्हणजे याच सांडपाण्यात) पालाश (पोटॅश) साधारण एक टक्का, म्हणजे हजार लिटरला १० किलोच्या आसपास. टँकर १० हजार लिटरचा धरला तर त्यात १०० किलो पालाश. सुरू हंगामाच्या उसाला शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ स्फुरद, ११५ पालाश. एकराला पालाश झालं ४६ किलो. एक टँकर दोन एकरांना पुरून उरला असता. शेजाऱ्याने जवळपास नऊपट दिलं. शिवाय पालाश एकटं येत नाही, क्लोराइड आणि सल्फेट सोबत घेऊन येतं. ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचं माप) ३० डेसिसायमनच्या घरात असेल तर एका टँकरमधून दोन क्विंटलहून जास्त क्षार उतरतात. चार टँकर म्हणजे पन्नास किलोची सोळा-अठरा पोती मीठ एकरात विस्कटल्यासारखं.

त्यात हे पाणी उभ्या पिकात, ओल्या सरीत दिलं. गॅस काढल्यावरही त्याचा बीओडी (जिवाणूंना ते कुजवायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला ५ ते ८ हजार मिलिग्रॅम उरतो. म्हणजे जमिनीतले जिवाणू ते खाताना हवा ओढून घेतात, काळ्या भारी रानात वाफसा येत नाही, मुळं गुदमरतात, आणि हवा नसलेल्या जमिनीत नत्र वायू होऊन उडून जातो. ऊस पिवळा पडला तो यामुळे. 'अ‍ॅसिडने जळाला' असं गावात म्हणतात, पण आम्लपणा कच्च्या स्पेंट वॉशचा, सामू (पीएच) ४ च्या आसपास. गॅस काढलेल्याचा सामू साडेसात ते आठ असतो. टँकरमध्ये लिटमस कागद बुडवून पाहिला असता तर कच्चं पाणी आलंय की प्रक्रिया केलेलं, तेही तिथेच कळलं असतं.

आता 'देखावा' या शब्दाबद्दल. तिथे आमचं जुळत नाही. कच्च्या स्पेंट वॉशचा सीओडी (त्यातलं सगळं रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला लाख मिलिग्रॅमच्या आसपास असतो. डायजेस्टर (प्लांटमधली जिवाणूंची बंद टाकी) त्यातला ६० ते ७० टक्के खातो, बीओडी तर ८५ टक्क्यांहून जास्त. हजार लिटरमागे २५ ते ३५ घनमीटर गॅस मिळतो, तो याच खाल्लेल्या कार्बनचा. काळा रंग मात्र मेलॅनॉइडिनचा. साखर आणि अमिनो आम्लं तापून बनलेला हा पदार्थ जिवाणूंना पचत नाही. म्हणून रंगावरून प्लांट चालतो की नाही हे ठरत नाही. आणि क्षार? पोटॅशियमचा गॅस होत नाही. जेवढं आत गेलं, तेवढं बाहेर येतं. लेखात हे वाक्य ठळक हवं होतं, ते नव्हतं. ही चूक आमची.

प्लांट बिघडतो तो बहुतेक घाईने. डायजेस्टर ३५ ते ३८ अंशांवर, सामू ७ च्या आगेमागे लागतो. डिस्टिलरीतून पाणी निघतं ८० अंशांच्या वर, ते नीट थंड न करता ढकललं की जिवाणू मरतात. बंद हंगामानंतर पहिल्याच आठवड्यात पूर्ण भार टाकला की आम्ल साचतं, कारण आम्ल करणारे जिवाणू झपाट्याने वाढतात आणि मिथेन करणारे सावकाश. व्हीएफए (साचलेली उडणारी आम्लं) आणि अल्कलिनिटी (आम्ल सोसण्याची ताकद) यांचं गुणोत्तर ०.३ च्या आत हवं. ०.४ ओलांडलं की फीड कमी करायचं, पचलेलं पाणी फिरवून आत घ्यायचं. ऑपरेटर त्याऐवजी चुन्याची पोती ओततात. सामू दोन दिवस बरा दिसतो, मग चुन्याचा थर पाइपांत आणि तळाला बसतो. तुम्ही म्हणता तो कुजक्या अंड्यांचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. मोलॅसिसमध्ये (साखर काढून उरलेल्या चिकट पाकात) सल्फेट भरपूर असल्याने कच्च्या गॅसमध्ये तो १ ते ५ टक्के असतो, आणि गावभर वास सुटतो तेव्हा गॅस धुणारा स्क्रबर बंद असतो किंवा गॅस गळत असतो.

खरं दुखणं डायजेस्टरच्या पुढे आहे, त्यावर मात्र तुम्ही एक ओळही लिहिली नाही. उरलेलं पाणी प्रेसमडवर (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळावर) फवारून कंपोस्ट करतात. (आपल्याकडे मोलॅसिसही मळी आणि प्रेसमडही मळी, त्यामुळे ग्रामसभेत निम्मा वेळ गोंधळातच जातो.) ४५ दिवसांच्या चक्रात एक टन प्रेसमड अडीच घनमीटर पाणी घेतं. रोज २,५०० टन गाळपाचा कारखाना धरा. प्रेसमड उसाच्या ४ टक्के, म्हणजे रोज १०० टन, १५० दिवसांत १५ हजार टन. त्यात जिरेल साडेसदतीस हजार घनमीटर पाणी. रोज ३० हजार लिटर अल्कोहोलची डिस्टिलरी लिटरमागे १० लिटर धरलं तरी दिवसाला ३०० घनमीटर पाणी काढते. म्हणजे प्रेसमड १२५ दिवसांत संपलं. डिस्टिलरी २७० दिवस चालली तर उरलेलं पाणी गेलं कुठे? इव्हॅपोरेटर असेल तर ते आटवलं जातं. नसेल तर लगून (साठवण तळं) भरतं, पावसाळ्यात कंपोस्ट यार्ड बंद असतं, आणि मग 'फुकटचे' टँकर बांधावर येतात. कारखान्याला विचारायचं ते हे: गाळप किती, प्रेसमड किती, इव्हॅपोरेटर किती क्षमतेचा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात टँकरने शेतात सोडण्याची मुभा नसेल, तर तो टँकर बेकायदा आहे. नाशिकला मंडळाचं प्रादेशिक कार्यालय आहे, तक्रार तिथे लेखी द्यावी.

आमचं मत विचाराल तर पालाश घ्यावं ते तयार कंपोस्टमधून, किंवा आटवलेलं स्पेंट वॉश बॉयलरमध्ये जाळून उरलेल्या राखेतून. खत नियंत्रण आदेशात त्या राखेच्या खताला किमान १४.५ टक्के पालाश लागतं. पोतं वजन करून टाकता येतं. द्राक्षबागेत आणि कांद्यात टँकर कितीही पातळ करून नको. जमिनीची ईसी कांदा १.२ डेसिसायमनपर्यंत सोसतो, द्राक्ष १.५, ऊस १.७, त्यापुढे उत्पन्न घटत जातं. हे आकडे संपृक्त अर्काचे (माती पाण्याने पूर्ण भिजवून त्यातून काढलेल्या पाण्याचे) आहेत. मृदा आरोग्य पत्रिकेतली ईसी माती-पाण्याच्या पातळ मिश्रणातली असते, ती कमी दिसते, तिथे ०.९ पाहून निर्धास्त होऊ नका.

विहिरीसाठी: पंप पंधरा मिनिटं चालवून मग एक लिटर नमुना घ्या, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून. शेताच्या वरच्या अंगाच्या विहिरीचाही एक घ्या. ईसी, क्लोराइड, सीओडी आणि मुख्य म्हणजे पोटॅशियम तपासायला सांगा. आपल्या काळ्या पाषाणातल्या विहिरीत पोटॅशियम सहसा लिटरला काही मिलिग्रॅमच असतं. वरच्या विहिरीत ३ आणि खालच्या विहिरीत ६० आलं, तर तक्रारीला तेवढा पुरावा भक्कम आहे.

शेजाऱ्याला सांगा, जिप्समची पोती आत्ताच आणू नका. ते सोडियम जास्त असेल तरच उपयोगी. आधी मातीतलं विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेलं) प्रयोगशाळेत तपासून घ्या. पावसाआधी उताराच्या बाजूने दोन-अडीच फूट खोल चर काढा, निचऱ्याशिवाय क्षार हलणार नाहीत. पण चराचं पाणी विहिरीकडे जाणार नाही असं तोंड ठेवा. उसाचं खोडकं मोडून चाऱ्याची ज्वारी किंवा मका घ्या आणि कापलेला चारा शेताबाहेर न्या, त्यासोबत पालाशही जातं. पुढची दोन-तीन वर्षं मातीचा अहवाल पाहिल्याशिवाय पालाशाचा दाणाही टाकू नका, १०:२६:२६ हे मिश्र खतसुद्धा नाही. अहवाल आले की आकडे इथेच टाका, चर किती अंतरावर काढायचे ते त्यावरून सांगतो.