हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या तीन आहेत, एक नव्हे

बेळगाव शहरातील आणि खानापूर, निपाणी, चिकोडी भागातील छायाचित्रकार, हिशेबनीस आणि सोसायट्यांचे सचिव यांच्या व्हॉट्सॲप गटांतून गेले काही आठवडे एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: ‘सगळ्या हार्ड डिस्क एकाच कारखान्यात तयार होतात, स्टिकर तेवढे वेगळे असते. पूर्वी दोनशे कंपन्या होत्या, त्या मोठ्यांनी गिळल्या आणि स्पर्धा संपली. २०११ चा थायलंडचा पूर हे भाव वाढवण्याचे निमित्त होते. एसएसडीत (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये) मात्र शंभर कंपन्या आहेत, तिथे फसवणूक होत नाही. म्हणून नाव पाहू नका, स्वस्त मिळेल ते घ्या.’ टिळकवाडीत संगणक दुरुस्तीचे आणि गेलेला डेटा परत मिळवून देण्याचे काम मी वीस वर्षांहून अधिक काळ करतो आहे. या मजकुरावर विसंबून खरेदी केलेली माणसे आता माझ्या दुकानात येऊ लागली आहेत, त्यामुळे त्यातील एकेका विधानाला उत्तर देणे मला भाग आहे.

‘एकाच कारखान्यात’ हे विधान चूक आहे. आज हार्ड डिस्क तयार करणाऱ्या तीन कंपन्या उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बाजारात दिसणारी बाकीची नावे डिस्क बनवत नाहीत. एडेटा किंवा ट्रान्सेंडच्या नावाने मिळणाऱ्या पोर्टेबल हार्ड डिस्कच्या आत या तिघांपैकीच एकाची डिस्क असते आणि लासी हे नाव तर २०१२ पासून सीगेटच्याच मालकीचे आहे. मजकुरातील गैरसमजाचे मूळ इथे असावे, आणि तेवढ्यापुरते त्यात तथ्यही आहे. निपाणीचे एक छायाचित्रकार मागच्या महिन्यात दोन पोर्टेबल डिस्क घेऊन आले होते. लग्नांचे फोटो दोन वेगळ्या कंपन्यांच्या डिस्कवर ठेवावेत म्हणून त्यांनी मुद्दाम दोन नावांच्या डिस्क घेतल्या होत्या. दोन्ही डिस्क संगणकाला जोडून क्रिस्टल डिस्क इन्फो या डिस्कची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहिल्या, तर बाहेरच्या खोक्यांचा रंग, आकार आणि नाव वेगळे असले तरी आतला मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत एकच निघाला. ते काही क्षण पडद्याकडे नुसते बघत राहिले. ‘म्हणजे तो मेसेज खरा म्हणायचा?’ असे त्यांनी विचारले. तो खरा नव्हता, कारण तिसऱ्या कंपनीची डिस्क माझ्या कपाटात होती आणि तिचे हेड (माहिती वाचणारे-लिहिणारे टोक), तिची मोटर, तिचे सर्किट सारेच वेगळे होते.

तिघे खरोखर वेगळे आहेत याचा पुरावा त्यांच्या तंत्रज्ञानातही सापडतो. डिस्कच्या आत हवेऐवजी हेलियम भरून माहिती साठवणाऱ्या तबकड्यांची संख्या वाढवण्याची पद्धत वेस्टर्न डिजिटलच्या हिताची शाखेने २०१३ मध्ये प्रथम बाजारात आणली. सीगेटला तिथे पोहोचायला २०१६ उजाडले आणि तोशिबाला त्याहूनही उशीर झाला. उलट लेसरने तबकडीचा सूक्ष्म ठिपका तापवून त्यावर लिहिण्याच्या तंत्रावर सीगेटने अनेक वर्षे पैसा ओतला आणि २०२४ च्या जानेवारीत ३० टीबीच्या (एक टीबी म्हणजे हजार जीबी) डिस्क जाहीर केल्या, तर तोशिबाने लेसरऐवजी सूक्ष्मलहरींचा मार्ग धरला. एकाच कारखान्यातला माल तीन वेगळ्या वाटांनी जात नसतो.

दुसरे विधान इतिहासाचे आहे. आजवर दोनशेहून अधिक कंपन्यांनी कधी ना कधी हार्ड डिस्क बनवली हे खरे आहे, परंतु त्या सर्व एकाच वेळी बाजारात होत्या आणि कोणीतरी त्या गिळल्या, हे चित्र खरे नाही. १९५६ साली आयबीएमने काढलेली पहिली डिस्क प्रणाली कपाटाएवढी होती आणि तिच्यात पन्नास लाख अक्षरे मावत. तिथून आजच्या तळहातावर मावणाऱ्या डिस्कपर्यंत येताना प्रत्येक टप्प्यावर संशोधनाचा खर्च वाढत गेला आणि ज्यांना तो झेपला नाही ते बाहेर पडले. ज्यांनी हा धंदा विकला त्यांच्यातही दुबळे थोडे होते. कॉनर १९९६ मध्ये सीगेटमध्ये गेली, क्वांटमचा डिस्क विभाग २००१ मध्ये मॅक्स्टरकडे गेला आणि ती मॅक्स्टरही २००६ मध्ये सीगेटने घेतली. ज्या आयबीएमने ही वस्तू जन्माला घातली, तिनेच २००२ मध्ये आपला विभाग सुमारे दोन अब्ज डॉलरना हिताचीला देण्याचा करार केला, तर फुजित्सूचा विभाग २००९ मध्ये तोशिबाकडे आला. या सगळ्या काळात कंपन्या कमी होत होत्या आणि भावही उतरतच होते. २००१ मध्ये २० जीबीच्या डिस्कसाठी खडेबाजारात जेवढे पैसे मोजावे लागत, त्याहून कमी पैशांत २०१० मध्ये १ टीबीची डिस्क मिळत होती.

२०११ मध्ये मात्र चित्र बदलले, आणि त्या वर्षाबद्दल मजकूर लिहिणाऱ्याचा राग मला समजतो. त्या मार्चमध्ये वेस्टर्न डिजिटलने हिताचीचा डिस्क विभाग घेण्याचे जाहीर केले आणि एप्रिलमध्ये सीगेटने सॅमसंगचा. पाचांचे तीन झाले. पण हे सारे कोणी न पाहता झाले असे नाही. युरोपीय आयोगाने वेस्टर्न डिजिटलला परवानगी देताना साडेतीन इंची डिस्कची काही उत्पादन यंत्रणा विकण्याची अट घातली, अमेरिकेच्या नियामकांनीही तोच मार्ग धरला आणि ती यंत्रणा २०१२ मध्ये तोशिबाला मिळाली. चीनने तर हिताचीचा विभाग वेगळाच चालवण्याची अट घातली आणि ती २०१५ पर्यंत सैल केली नाही. साडेतीन इंचीच्या बाजारात तिसरा स्पर्धक आज उभा आहे तो या अटींमुळे. तिघांवर संख्या थांबण्यामागे आणखी एक कारण आहे. २०१० मध्ये जगात ६५ कोटींच्या आसपास हार्ड डिस्क विकल्या गेल्या, तर २०२३ मध्ये हा आकडा त्याच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत खाली आला होता. आटत चाललेल्या विहिरीवर नवीन मोट बांधायला कोणी येत नाही.

पुराचे निमित्त केले गेले का? ऑक्टोबर २०११ मध्ये वेस्टर्न डिजिटलचे थायलंडमधील कारखाने खरोखर पाण्याखाली होते आणि आतली यंत्रे काढायला पाणबुडे उतरवावे लागले. मोटर बनवणाऱ्या निदेकच्या कारखान्यांतही पाणी शिरले, त्यामुळे ज्या सीगेटचे कारखाने कोरडे होते, तिलाही सुटे भाग मिळेनात. तुटवडा खराच होता. मात्र पाणी ओसरल्यावर भाव तितक्या लवकर ओसरले नाहीत. त्या हिवाळ्यात दोन्ही मोठ्या कंपन्यांनी अनेक डिस्कची वॉरंटी कमी केली आणि सीगेटचा वार्षिक नफा ५१ कोटी डॉलरवरून पुढच्या आर्थिक वर्षात सुमारे २८६ कोटींवर गेला. स्पर्धक मोजकेच उरले की संकटाचा भार ग्राहकावर ढकलणे सोपे जाते, ही तक्रार मला रास्त वाटते. मजकुराने ती केली असती तर मी त्याला दुजोरा दिला असता.

खऱ्या तक्रारीच्या दोन जागा त्या मजकुरात आलेल्याच नाहीत. माझ्या टेबलावर एक निकामी डिस्क झाकण काढून ठेवलेली असते. आरशासारख्या तबकडीवर एक बारीक हात येतो आणि त्याच्या टोकाला पातळ पोलादी पट्टीवर तिळाहून लहान हेड असते. ही पट्टी डिस्क कंपन्या बहुतांशी बाहेरून घेतात आणि ती बनवणारेही मोजकेच आहेत. जपानच्या एनएचके स्प्रिंग कंपनीने या पट्ट्यांचे भाव संगनमताने ठरवल्याची कबुली अमेरिकेत २०१९ मध्ये दिली आणि २ कोटी ८५ लाख डॉलरचा दंड मान्य केला. ते संगनमत २००८ पासून २०१६ पर्यंत चालले होते. दुसरी जागा २०२० ची. तिन्ही कंपन्या काही डिस्कमध्ये ‘शिंगल’ पद्धतीची नोंद वापरत होत्या आणि ग्राहकाला ते सांगत नव्हत्या, हे त्या एप्रिलमध्ये उघड झाले. खानापूरकडच्या घरांवर मंगळुरी कौले एकमेकांवर चढवलेली असतात तशा या डिस्कच्या तबकडीवर माहितीच्या ओळी एकमेकींवर चढवलेल्या असतात. मधले एक कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात, म्हणून जुन्या माहितीवर नवी लिहिताना अशी डिस्क मंदावते. बोभाटा झाल्यावर कंपन्यांनी मॉडेलवार याद्या प्रसिद्ध केल्या. नाव आणि मॉडेल पाहू नका, असे सांगणारा माणूस नेमके हेच तपासण्यापासून आपल्याला परावृत्त करतो.

एसएसडीचे विधान तर पूर्ण उलटे आहे. ज्या फ्लॅश चिपवर माहिती साठते, ती मोठ्या प्रमाणावर बनवणारे सहाच आहेत: सॅमसंग, एसके हायनिक्स, किओक्सिया, सॅनडिस्क, मायक्रॉन आणि चीनची वायएमटीसी. त्यातही किओक्सिया आणि सॅनडिस्क जपानमधील कारखाने संयुक्तपणे चालवतात आणि इंटेलचा फ्लॅश विभाग एसके हायनिक्सने घेतला आहे. शंभर नावांतली बहुतेक नावे चिप आणि तिचे काम सांभाळणारा कंट्रोलर विकत घेऊन जोडणी करणाऱ्यांची आहेत. स्टिकरबद्दलचा मजकुरातला आरोप हार्ड डिस्कपेक्षा इथेच अधिक लागू पडतो. एकाच नावाच्या, एकाच मॉडेलच्या, सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन एसएसडी मी उघडल्या तेव्हा एकीत चार चिपा होत्या आणि दुसरीत दोन, त्याही वेगळ्या बनावटीच्या. खोक्यावर मात्र वेगाचा आकडा तोच छापलेला होता. शिवाय मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल या नावाने सामान्य ग्राहकांना होणारी विक्री बंद करण्याचे जाहीर केले. म्हणजे चिप बनवणाऱ्याकडूनच थेट एसएसडी घेण्याचा एक मार्ग कमी झाला.

निपाणीच्या त्या छायाचित्रकारांनी कपाटातली तिसऱ्या कंपनीची डिस्क नेली. त्यांच्या दोन डिस्कपैकी एक घरी राहील आणि नवी डिस्क चिकोडीला भावाकडे, असे ठरले. खोक्यावरील नावावर कागद चिकटवून त्यांनी त्यावर बॉलपेनने आतला मॉडेल क्रमांक आणि तारीख लिहिली. सात वर्षांच्या फोटोंची प्रत होईपर्यंत संध्याकाळ झाली होती.