शेळीच्या खोकल्यावर तेल पाजू नका

'शेळीचा जुना खोकला सात दिवसांत बंद' हा मेसेज शेळीपालनाच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात म्हटलंय: गोडं तेल आणि कापूर पाजा, अँटिबायोटिकचा कोर्स करा, पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगसारख्या विषाणूजन्य साथीची) लस दिलेली असेल तर फुप्फुसाची काळजी नको, धडधाकट दिसते ती शेळी निरोगी समजा, आणि हा 'शेळ्यांचा एड्स' असल्याने दूध पिऊ नका. परवा हे वाचून माझ्या मामांनी शेळीला तेल पाजलं, म्हणून लिहितेय.

तेलाचं आधी, कारण त्याने जीव जातो. मामांनी शेळीची मान वर ताणली, जीभ बाजूला ओढली आणि बाटली घशात रिकामी केली. अशा अवस्थेत जनावराला नीट गिळताच येत नाही. त्यात ती आधीच धापा टाकत होती. तेल श्वासनलिकेत उतरायला आणखी काय हवं? पाणी गेलं तर जोराचा ठसका तरी लागतो, तेल गुपचूप खाली जातं. ते फुप्फुसाच्या पुढच्या, खालच्या भागात बसलं की तिथं न्यूमोनिया धरतो. संध्याकाळी त्या शेळीच्या नाकातून तेलकट फेस येत होता. अहो, पोटात घातलेलं तेल फुप्फुस मोकळं करणार तरी कसं?

अँटिबायोटिकबाबत अर्धं खरं आहे, ते मान्य करते. जिवाणूंचा न्यूमोनिया असेल तर ते लागू पडतं. पण महिनोन्‌महिने कोरडा खोकला, ताप नाही, चारा खाऊनही शेळी वाळत चाललीय, सोबत पुढचे गुडघे सुजलेले किंवा कास दगडासारखी, असं असेल तर सीएई, म्हणजे शेळ्यांच्या सांध्यांना आणि मेंदूला सूज आणणाऱ्या विषाणूचा संशय घ्यायला हवा. त्यावर औषध नाही, लसही नाही. अँटिबायोटिकने वरून जडलेला जिवाणूंचा संसर्ग ओसरतो, शेळी चार दिवस बरी वाटते आणि मेसेज खरा ठरल्यासारखा होतो. फुप्फुसातल्या जंतांनीही खोकला येतो, तेव्हा लेंडी तपासून घ्याच.

पीपीआरची लस जरूर द्या. ती पीपीआरपासूनच वाचवते.

'धडधाकट म्हणजे निरोगी' हे मात्र कळपच्या कळप बुडवणारं वाक्य आहे. 1933 मध्ये आइसलँडने जर्मनीहून 20 काराकुल मेंढ्या आणल्या. दिसायला ठणठणीत. त्यांच्यातल्या काहींच्या अंगात सीएईचाच भाऊबंद असलेला विषाणू होता. काही वर्षांनी गावोगावच्या मेंढ्या धापा टाकत मरू लागल्या. शेवटी कळप कापून टाकावे लागले आणि 1965 नंतर तो रोग तिथून गेला. सानेनसारख्या दुधाळ विलायती जातींत सीएई जास्त आढळतो, आणि संकरित शेळ्या आपण नुसतं रूप बघून घेतो!

एड्सचं म्हणाल तर सीएईचा विषाणू एचआयव्हीच्या कुळातला आहे, एवढंच खरं. माणसाला तो होत नाही. दूध उकळून खुशाल प्या.

धोका करडांना आहे, कारण संसर्ग मुख्यतः चीक आणि दुधातून जातो. म्हणून नवी शेळी रक्त तपासूनच कळपात घ्या. बाधित शेळीची करडं जन्मताच वेगळी काढा आणि तिचा चीक 56 अंशांवर तासभर तापवून पाजा. तापमापक वापराच. आच वाढली की चीक घट्ट होतो आणि करडाला त्यातून मिळणारी रोगप्रतिकारशक्ती वाया जाते.